तात्यांची निव्वळ पानं

काट्याचे तात्या नवं पुस्तक हातात आलं की वाचायच्या आधी त्याची पानं मोजायचे. शेवटच्या पानावर छापलेला आकडा त्यांना चालत नसे. "तो भरल्या गाडीचा आकडा," असं म्हणत ते बोटाला थुंकी लावायचे आणि नावाचं पान, अर्पणपत्रिका, कोरी पानं, चित्रं, मागच्या जाहिराती असं एकेक वजा करत जायचे. प्रकरण संपल्यावर अर्धं पान मोकळं सोडलेलं दिसलं तर तेही अर्धंच धरायचे. दोनशे चाळीस पानांचं जाडजूड पुस्तक त्यांच्या हातात दोनशे एकवीसवर यायचं. मग समाधानाने मान हलवून म्हणायचे, "हे निव्वळ."

माणूस चौतीस हंगाम साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलेला. उसाने भरलेली गाडी काट्यावर यायची, तिचं वजन व्हायचं. ऊस खाली करून तीच गाडी रिकामी परत आली की पुन्हा वजन. एकातून दुसरं गेलं की उरला तो ऊस. हा हिशेब त्यांच्या रक्तात इतका भिनला होता की लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते यजमानाला विचारायचे, "पानं किती उठली? त्यातली मागनं परत बसलेली वजा केली का?" आमच्या सणसर गावात त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. पोस्टमनसुद्धा "काट्याच्या तात्यांचं पत्र" म्हणायचा.

वाचनाची नोंद ठेवायला लागले त्याची गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगत. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ते पुस्तक वाचत. एकदा साहेबांनी पकडलं. "कामावर असताना किती वाचता हो?" तात्यांकडे आकडाच नव्हता! "लाज वाटली बघ," ते मला सांगत. "वाचल्याची न्हाय. काट्यावरचा मानूस असून आकडा सांगता येईना याची." दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक लांबडं रजिस्टर आणलं आणि त्यात रकाने आखले. तारीख, पुस्तकाचं नाव, निव्वळ पानं आणि शेवटचा रकाना उताऱ्याचा. शंभर किलो उसातून साखर किती किलो निघाली तो कारखान्याचा उतारा. वाचलेल्यातून डोक्यात किती राहिलं तो तात्यांचा. तो रकाना लगेच भरायचा नाही. महिनाभर थांबायचं, मग पुस्तक न उघडता त्यातलं काय आठवतं ते सांगायचं आणि आपणच आपल्याला आकडा द्यायचा. अकरा म्हणजे उत्तम. बाराच्या वर त्यांनी, एकदा सोडलं तर, कधी कुणाला जाऊ दिलं नाही. दहाच्या खाली गेला तर म्हणायचे, "ऊस वाईट नसतो. गाळणारा वाईट."

त्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नसे. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून गाळप थांबलं, की तात्यांचं वर्ष संपलं. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्या ओट्यावर वार्षिक सभा. अगदी कारखान्याच्या सभेसारखी! सतरंजी, पाण्याचा माठ, तात्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, हातची भेळ, आणि तात्या उभे राहून अहवाल वाचणार. अमक्याचं गाळप इतकं, उतारा इतका. गेल्या वर्षीपेक्षा घट झाली असेल तर तिची कारणं. शेवटी विचारणार, "मंजूर?" आणि जमलेले आठदहा जण ओरडणार, "मंजूर, मंजूर!" काट्यावरचे दोन जुने सोबती, वाचनालयाच्या बाई, आजूबाजूचे चार लोक आणि भेळेसाठी आलेले बाकीचे. मी पहिल्यांदा गेले ती भेळेसाठीच गेले होते, खोटं कशाला बोलू.

मी माहेरची डाळजची. बारावी झाले आणि लग्न होऊन सणसरला आले. आमच्या आणि तात्यांच्या घरात कमरेएवढी भिंत. सासरी वाचनाला कुणाची ना नव्हती, पण वेळ कुणी देत नाही, तो चोरावा लागतो. भेळ खाताना तात्यांनी मला विचारलं, "सूनबाई, तुमी यंदा किती वाचलं?" मी म्हटलं, "तीन पुस्तकं असतील." त्यांनी तिथल्या तिथे तिन्ही मागवली, वजावट करून निव्वळ पानं काढली आणि उभं राहून जाहीर केलं, "सुरेखा. गाळप चारशे बारा." लग्नानंतर चार माणसांत माझं नुसतं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. कुणाची सून नाही, कुणाची बायको नाही. चारशे बारा पानांची सुरेखा. तीही मंजूर झाली! घरी येऊन भांडी घासताना मी स्वतःशीच हसत होते, आणि सासूबाई विचारत होत्या की भेळेत काय घातलं होतं.

पुढच्या वर्षी मी नऊशेवर गेले. त्याच्या पुढच्या वर्षी दोन हजारांवर. आता फोनमध्ये वाचायची सोय झालीय, आणि वर्ष संपलं की तो फोनच मला सांगतो, यंदा तुम्ही इतकी पुस्तकं वाचली, इतके तास वाचलं. वर रंगीत फुगे सोडतो. लोक ते चित्र एकमेकांना पाठवतात. मलाही बरं वाटतं, नाही कशाला म्हणू. पण लगेच वाटतं, अरे बाबा, उताऱ्याचं काय? उघडून ठेवलेलं पुस्तक आणि डोळा लागलेला वेळ वजा केला का? मग अंगणवाडीतली माझी मदतनीस विचारते, "बाई, फोनकडं बघून कुनाशी भांडताय?"

तात्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला तेव्हा माझी अंगणवाडीची नोकरी सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती राखू. राखलेली तरी किती? दारात उभा राहिलेला माणूस बाई की बुवा एवढंच कळायचं. दसऱ्यापर्यंत अक्षर दिसायचं पूर्ण बंद झालं, आणि त्या वर्षीचं त्यांचं पान कोरंच होतं, कारण उन्हाळाभर आणि पावसाळाभर दवाखान्यांच्याच खेपा चालल्या होत्या. एकेचाळीस हंगामांत असं कधी झालं नव्हतं. घरात तरुण भाऊ गेला त्या वर्षीसुद्धा त्यांनी सत्तर पानं वाचली होती. आता ते ओट्यावर बसून राहायचे. जेवण निम्म्यावर आलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आमचा कारखाना बंद पडला."

मी म्हटलं, बंद कसा पडेल? अंगणवाडी सुटली की दुपारी तीन ते चार मी त्यांना वाचून दाखवायला लागले. ते डोळे मिटून ऐकायचे, मध्येच "थांब, ते परत म्हन," म्हणायचे. महिन्यात चेहरा उजळला. पण पहिलं पुस्तक संपलं आणि मी रजिस्टरात त्यांच्या नावापुढे पानं लिहायला गेले तर हात वर केला. "वाचलंस तू. तुझ्या नावावर."

"ऐकलं तुम्ही ना?"

"काट्यावर उभं राहून बघितलं म्हनून दुसऱ्याचा ऊस माझा हुतो व्हय? चौतीस वर्सं खोटी पावती फाडली न्हाय. आता फाडू?"

मी पानं माझ्या नावावर लिहिली. पुस्तकामागून पुस्तक संपत होतं, माझा आकडा फुगत होता आणि त्यांच्यापुढे भोपळा. पट्टा पडायची वेळ जवळ आली तसे ते पुन्हा मिटत गेले. एक दिवस काकींनी मला भिंतीपाशी गाठलं. म्हणाल्या, "सुरेखा, त्या वहीत कायतरी लिही बाई. सभेत शून्य वाचलं तर ह्यो मानूस हाय खाईल. पुढचा पट्टा बघायचा न्हाय त्यो." काकींचे डोळे भरले होते. मग मी काय करणार? मी वाचून दाखवलेल्या सगळ्या पुस्तकांची निव्वळ पानं मोजली, माझ्या नावावरून काढली आणि त्यांच्या नावावर चढवली. अकराशे चाळीस. त्यांना दिसणार थोडंच होतं! हे मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली, तरी लिहिलं.

सभेत अहवाल वाचायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मी एकेकाचं वाचत गेले. तात्यांच्या नावाशी आले आणि एका दमात म्हणून टाकलं, "तात्या. गाळप अकराशे चाळीस. मंजूर?" सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं. "मंजूर, मंजूर!" असा गलका झाला.

तात्यांनी हात वर केला. "हरकत हाय."

भेळेचे घास तोंडातच राहिले. तात्या उठून उभे राहिले. "आकडा चूक हाय. अकराशे चाळीस न्हाय. एक हजार चौऱ्याऐंशी."

मला कळेचना. मी म्हटलं, "तात्या, मी दोनदा मोजलीत."

"तू पुस्तकातली मोजलीस. मी वाचलेली मोजली. पान उलटल्याचा आवाज येतो, पाठपोट धरून मोजत हुतो. आनि तू कटाळलीस की झाडाझुडपाची वर्णनं सोडून पानं उलटायचीस. मधी शब्द न्हाय आनि फडफड दोनदा. ती रिकामी गाडी. छप्पन पानं वजा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सगळे हसायला लागले. पण हसता हसता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मीही कंबर कसली. "काय हो तात्या, पानं तुमची नव्हेतच म्हणत होता. मग सहा महिने मोजत कशाला बसला होता?"

काट्यावरचे एक सोबती, तेही वयाने सत्तरीच्या पुढचे, मांडीवर थाप मारून म्हणाले, "घावला! आज काट्यावरचा मानूस घावला!" काकी पदरात तोंड घालून हसत होत्या. तात्या खाली बसले आणि हळूच म्हणाले, "सवय." आणि मग, "जीव अडकलेला हुता गं त्यात."

तरीही खोटी नोंद त्यांनी राहू दिली नाही. काट्यावर खाडाखोड चालत नाही; चुकीच्या आकड्यावर आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. मी रेघ मारून सही केली, आणि त्यांचं बोट धरून जागेवर नेलं, तिथे त्यांनीही केली. एक हजार चौऱ्याऐंशी पानं माझ्या नावावर परत आली. त्यांच्या गाळपाच्या रकान्यात मला शून्य लिहायला लावलं. "आता उतारा विचार," म्हणाले.

मी पुस्तकांची नावं घेत गेले आणि ते सांगत गेले. कार्तिकात वाचलेल्या पहिल्या पुस्तकातल्या बाईने शेजारणीला परत दिलेल्या वाटीत काय घालून दिलं होतं, तेसुद्धा! मी स्वतः वाचलेलं, पण मला ती वाटी आठवत नव्हती. सभेतले लोक भेळ विसरून ऐकत बसले. पाऊण तास झाला. शेवटी ते सत्तरीचे सोबती ओरडले, "तेरा द्या!" तात्या म्हणाले, "तेरा कुनालाच न्हाय. साडेबारा लिव्हा." मग स्वतःच खदखदून हसले. "गाळप शून्य आनि उतारा साडेबारा. असा कारखाना जगात दुसरा न्हाय." त्या दिवशी काकींच्या हातची भेळ त्यांनी दोनदा मागून घेतली.

त्यानंतर तात्या आणखी दोन हंगाम होते. रोज दुपारी तीनला मी जायचे आणि एकही वर्णन गाळायचे नाही, शपथ. लोक म्हणायचे, सुरेखा म्हाताऱ्याची फार सेवा करते. कसली सेवा? वाचलेलं अंगाला लागेपर्यंत धीर धरायला त्या माणसाने मला शिकवलं. ज्या घरात मला स्वतःचा म्हणून कोपरा नव्हता, तिथे त्यांनी मला रजिस्टरात एक ओळ दिली. त्याचे उपकार तासाभराच्या वाचनाने फिटतात होय?

ते गेले पौषात, गाळप ऐन जोरात असताना, सकाळी चहा पिऊन. आमचं पुस्तक निम्म्यावर आलं होतं. एका नावाड्याची मुलगी हरवलेल्या बापाला शोधत गावोगाव फिरते, अशी गोष्ट. तेरावं झालं, पाहुणे परतले. दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीतून आले, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसून राहिले. त्या तासाचं आता करायचं काय, ते सुचेना.

इतक्यात भिंतीपलीकडून काकींची हाक आली. "सुरेखा, तीन वाजून गेलं की गं. यायचं न्हाय का?"

मला वाटलं, बिचारीला भान राहिलं नाही. बाहेर येऊन म्हटलं, "काकी, आता कुणाला वाचून दाखवू?" आणि मला रडूच फुटलं.

काकी भिंतीशी आल्या. त्यांचेही डोळे सुजलेले होते, पण आवाज चढवूनच बोलल्या, "आत भाजी निवडत बसायचे म्हंजी मी काय बहिरी हुते व्हय? त्या पोरीला बाप घावला का न्हाय, ते कळायच्या आधी ह्ये निघून गेले. मला तरी कळू दे."

मी पुस्तक घेऊन गेले. दहाव्या दिवशी त्या पोरीला बाप सापडला आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून पोटभर रडलो. किती पानं झाली म्हणून मला विचारू नका. मी मोजली नाहीत.