दुसऱ्या साक्षीदाराची सही

यमुताईंचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाला दूध घालून वळायच्या आत त्या ते घरच्या मापानं पुन्हा मोजत, आणि रिक्षावाल्यानं आपणहून भाडं कमी सांगितलं तर त्यात बसतच नसत. टेलिफोन खात्यातली वीस वर्षं त्यांनी चौकशीच्या फोनवर काढली होती. माणूस विचारतो एक आणि त्याला हवं असतं भलतंच, हे त्यांना तिथं पक्कं कळलं होतं.

अशा बाईनं जिल्ह्याचा क्रीडाकोश करावा हे ठीकच झालं. वीस वर्षांपूर्वी त्यांनी पहिली आवृत्ती एकटीनं काढली. जिल्ह्यातलं प्रत्येक मैदान, प्रत्येक नावाजलेला खेळाडू, एकेका कार्डावर. कार्डाखाली दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नाहीतर नोंद बाद. खुद्द आमदारांच्या मेहुण्याचं कार्ड त्यांनी एका सहीपायी केरात टाकलं होतं. आता दुसरी आवृत्ती निघत होती आणि मदतीला होता रोशन, कामठीच्या एका शाळेतला खेळाचा मास्तर.

भांडण पेटलं ते कामठीच्या एका मैदानावरून. पहिल्या आवृत्तीत त्याचं नाव होतं 'प्रेमिला मैदान'. मागच्या वर्षी वाडी गावच्या एका पाईप कंपनीनं तिथं कुंपण आणि दिवे लावले आणि मोठा फलक ठोकला, 'सुवर्णधारा पाईप्स क्रीडांगण'.

"ताई, फलकावर तेच आहे, सरकारी कागदावर तेच आहे. कोशात दुसरं काहून लिहायचं?" रोशन म्हणाला.

"उद्या साबणवाला येईन, परवा बनियनवाला. दरवेळी कोश छापत बसायचा का गा? कोश म्हणजे का भिंत आहे जाहिरातीची?"

रोशन गप्प बसला. भांडणारा माणूस एकाएकी गप्प बसला की कुठंतरी पाणी मुरतंय, असं यमुताई धरूनच चालत. त्यांनी पाळत सुरू केली. रोशनच्या खांद्यावर नवी पिशवी, तिच्यावर कंपनीचं नाव. लागोपाठ आठ रविवार तो कोशाच्या बैठकीला आला नाही, कारण विचारलं तर "काम होतं." आणि एका सकाळी कार्डांच्या डब्यात पाहतात तर प्रेमिला मैदानाचं कार्डच गायब. पोरगा विकला गेला, त्यांनी ठरवून टाकलं.

पण त्यांना खरी धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. त्या मैदानाला प्रेमिलाचं नाव कुणीच दिलं नव्हतं. ते यमुताईंनी दिलं होतं.

प्रेमिला त्यांच्या खो-खोच्या संघातली. अठ्ठ्याहत्तर साली त्याच मैदानावर कामठीच्या संघाविरुद्ध दोघी सोबतिणी बाद झाल्यावर ती एकटी उरलेली पाळीभर पळाली, शेवटपर्यंत कुणाच्या हाती लागली नाही आणि कामठीचा संघ हरला. तीन वर्षांनी काविळीनं गेली. ना फोटो, ना कात्रण. तिचं नाव जगात कुठंतरी राहावं म्हणून यमुताईंनी ते कार्ड लिहिलं. पहिली सही स्वतःची केली, दुसरी डाव्या हातानं, 'सुहासिनी' अशी. अशी कुणी बाई नव्हतीच. आयुष्यात केलेली ती एकच लबाडी, आणि तिची त्यांना लाज वाटे. तरी ते नाव पुसलं जाऊ द्यायला त्या तयार नव्हत्या.

आता खरा साक्षीदार मिळाला तरच नाव टिकणार होतं. सामायिक ऑटोनं त्या कामठीला गेल्या. मैदानाबाहेरच्या चहावाल्याला विचारलं, या मैदानाला काय म्हणतात?

"आखर म्हणते नं माय. इथं गाई बसत होत्या पह्यले."

"आणि तो फलक?"

"तो तं पाईपवाल्याचा आहे. त्याले कोन वाचते?"

आत पोरी सराव करत होत्या, कडेला कंपनीनं वाटलेल्या तशाच पिशव्यांची रांग होती. त्यांतली एक, खुशी नावाची, घाम पुसत म्हणाली, "मावशी, याचं खरं नाव प्रेमिला मैदान आहे."

यमुताई पुढं सरकल्या. "तुले कोनं सांगितलं वं?"

"आमच्या शाळेत क्रीडाकोश आहे. त्याच्यात लिवलं आहे."

त्या पायरीवर बसल्या. वीस वर्षांनी साक्षीदार भेटला होता, आणि तो त्यांचंच खोटं त्यांना परत देत होता. त्यांच्याच नियमानं ही साक्ष बाद होती.

सराव घ्यायला रोशनच आला होता. त्यानं त्यांना पाहिलं, शेजारी बसला आणि कंपनीच्या पिशवीतून ते गायब कार्ड काढलं.

"आठ रविवार या सुहासिनीले शोधून राहिलो, ताई. अशी कोनी बाई कामठीत नव्हतीच. सहीचा संशय मले आधीच आला होता, म्हनून वाटलं, फलकाचं नाव टाकलं का हे कार्ड चुपचाप निघून जाईन. कोनी तुम्हाले विचारनार नाही."

यमुताईंनी त्याच्या हातातून कार्ड घेतलं आणि त्या दुसऱ्या सहीवर अंगठा ठेवला.

"पण शोधता शोधता खरी साक्ष सापडली." त्यानं दुसरं, नवं करकरीत कार्ड पुढं धरलं. मैदानाचं नव्हे, खेळाडूचं. प्रेमिला, १९७८, पूर्ण पाळी नाबाद. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी वाकडीतिकडी सही होती, नंदिनी. "माही आई. त्या दिवशी समोरच्या संघात होती."

"सही खरी आहे नं?" यमुताईंच्या तोंडातून निघून गेलंच.

रोशन हसला आणि त्यानं फोन लावून दिला.

"नाव सांगा," यमुताई चौकशीच्या फोनवरल्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "आणि काय पाह्यलं ते सांगा."

"नंदिनी. पाह्यलं काय, धावली मी तिच्या मागं. शेवटची शिटी वाजली तरी हाती नाही लागली. मले तं तिचा चेहराबी आठवत नाही बाई, फक्त वेणी आठवते."

हरलेल्या संघाची साक्ष. तिला खोटं बोलायचं काहीच कारण नव्हतं. यमुताईंच्या डोळ्यांना धार लागली. जुनं कार्ड त्यांनी आपल्या हातानं फाडलं. मैदानाच्या नोंदीत काय लिहायचं, असं रोशननं विचारलं.

"आखर लिही. खाली फलकाचं नाव टाक, तारखेसकट."

मग त्यांनी नवं कार्ड मांडीवर घेतलं. पहिल्या साक्षीदाराची जागा रिकामी होती. पेन उजव्या हातात धरून त्यांनी सावकाश सही केली.