येळवशीला गिरणीत

कुठलीही तापलेली वस्तू तो पालथ्या हातानं बघायचा. चहा बशीत ओतायचा आणि प्यायला विसरायचा. गळ्यातलं इष्टलिंग काम करताना कापडात गुंडाळून सदऱ्याच्या आत ठेवायचा. मला नावानं त्यानं कधी हाक मारली नाही. "काय बीए," म्हणायचा.

कल्याणप्पा लोहारा गावाबाहेरच्या जिनिंग गिरणीत विजेचा मिस्त्री होता. साल १९४४. गावात वीज नव्हती. गिरणीचं स्वतःचं इंजिन आणि डायनामो होता. तिथून तीन तारा भिंतीतून पलीकडं बोर्डावर यायच्या. मी हैदराबादहून बी. ए. होऊन परतलो होतो. नोकरी नव्हती. दुपारी त्याच्याजवळ बसायचो.

मार्गशीर्षात मधल्या तारेचा जोड तापू लागला. गिरणी थांबली की तिन्ही जोडांवर तो मेणाचे ठिपके लावायचा. पुन्हा सुरू झाली की मधला घटकेत वितळायचा.

"भार तिन्हींवर सारखाच हाय," तो म्हणाला. "मग ही एकटीच का तापती? जोड सैल झालाय. आत तांबं काळं पडलंय."

"मग घासून आवळ की."

"इंजिन चालू असताना? हा जोड मेन स्विचच्या अलीकडं हाय, बीए; स्विच पाडला तरी ह्याच्यात वीज असतीच. पुस्तकातली वीज न्हाय ही."

बोर्डाला लागूनच कापसाचा ढीग होता. तिथं सोळा बाया काम करायच्या. बाहेर पडायला दार एकच. त्या बायांत शांतम्मा होती, त्याची बायको. एक ठिणगी पडली तर काय, हे त्यानं मालकांना तीनदा सांगितलं.

"हंगामात गिरणी बंद ठेवू व्हय?" मालक हणमंतप्पा म्हणाले. "येळवशीला बंदच असती. तवा कर काय करायचं ते."

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडं गावंच्या गावं शेतात भाज्या-डाळींची भज्जी जेवायला जातात. त्या सकाळी मी त्याला बोलवायला गिरणीत गेलो.

"तू हो पुढं. भज्जी ठेव माझ्यापुरती. सगळी तूच खाऊ नको."

दुपारी मालकांच्या शेतात सोलापूरचे पाहुणे आले. त्यांना गिरणी चालू बघायची होती. मालकांनी इंजिनवाल्या गोरोबाला पुढं पाठवलं. कल्याणप्पाला काय सांगितलं होतं, ते विसरले. इंजिनाची खोली वेगळी होती. गोरोबानं बोर्डाकडं डोकावलं नाही. इंजिन सुरू केलं.

नंतर गोरोबा भेटेल त्याला एवढंच विचारत राहिला, "येळवस होती वो. येळवशीला गिरणीत कोण असतंय?"

मी गिरणीत पोचलो तेव्हा शांतम्मा तिथं होती. रडत नव्हती. कल्याणप्पाच्या सदऱ्याची बटणं लावत होती.

दुसऱ्या दिवशी त्याला पुरलं. तिसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली.

मधल्या जोडाची तांब्याची पट्टी त्यानं कानशीनं घासायला घेतली होती. अर्धी लखलखीत झाली होती. मालकांनी गोरोबाकडून ती तशीच बसवून घेतली. बाया आत गेल्या. पट्टीचा उरलेला काळा भाग घासायचा राहिला.