आमच्या फाटकापुढचा चिखल

मुलुंडच्या आमच्या गल्लीत एखादी गाडी रुतली की अण्णांना चेव यायचा. हातातला पेपर टाकून, धोतराचा सोगा सावरत ते फाटकाशी जायचे आणि तिथूनच ड्रायव्हरला धडे द्यायला लागायचे. "अहो, नुसती रेस काय देताय! चाक आणखी खाली चाललंय. पलीकडे घ्या, पलीकडे! एवढा रस्ता मोकळा पडलाय आणि तुम्हाला नेमकी हीच जागा सापडली?" अण्णांना साधी सायकलसुद्धा चालवता येत नव्हती. पण आवाज खणखणीत होता, आणि कचेरीत हेडक्लार्क असल्यामुळे दुसऱ्याची चूक दाखवायचा सराव दांडगा होता.

त्यांच्या मागे मी असायची. मी तेव्हा कॉलेजात जात होते आणि जगात बहुतेक माणसं मठ्ठ आहेत असं माझं ठाम मत झालं होतं. ड्रायव्हर म्हणजे त्यातले अर्क. "डोळे घरी ठेवून आलात का?" हे माझं ठेवणीतलं वाक्य. आई आतून ओरडायची, "अगं, मुलीच्या जातीनं रस्त्यावर असं बोलू नये." अण्णा म्हणायचे, "बोलू दे. खरं तेच बोलतेय."

गल्लीच्या टोकाला तेव्हा नव्या सोसायटीच्या इमारती उठत होत्या. विटांचे, रेतीचे ट्रक दिवसभर जायचे यायचे. पावसाळ्यात रुतले तर एक वेळ समजण्यासारखं होतं, पण आमच्याकडे गाड्या रुतायच्या त्या थंडीत. सगळी गल्ली धुळीनं पांढरी झालेली, झाडांच्या पानांवर धूळ, आणि आमच्या फाटकापुढचा तेवढा पट्टा खालून भुसभुशीत ओला. वरून कळायचं नाही. वर वाळलेल्या मातीचा पातळ पापुद्रा असायचा. ड्रायव्हर बेधडक चाक घालायचा आणि चाक अर्धंअधिक आत जायचं.

हे पाणी येतं कुठून, याचा शोध अण्णांनी फार पूर्वीच लावून ठेवला होता. समोरच्या घरातून.

समोर मालवणकडचं एक जोडपं राहायचं. काका गिरणीत रात्रपाळीला होते, त्यामुळे दिवसा झोपलेले. काकू एकटी राबायची. त्यांच्या घराला लागूनच, अगदी रस्त्याच्या कडेला, माडाच्या झावळ्यांनी चारी बाजूंनी बंद केलेली मोरी होती. आंघोळ, कपडे, भांडी, सगळं त्या आडोशात. आत पाणी पडल्याचा आवाज आला की अण्णा पेपरातून मान वर करायचे आणि "सोडलं बघ गल्लीत," म्हणायचे. काकूशी ते सरळ कधी बोलले नाहीत. परक्या बाईशी काय बोलायचं! ते आमच्या ओटीवरून मोठ्यानं मला सांगायचे आणि ते तिला ऐकू जायचं. एकदा तिनं दारात तांब्या विसळून पाणी रस्त्यावर टाकलं. अण्णा तसेच उठले. "बघितलंस? डोळ्यांदेखत! म्हणून या गाड्या रुततात. सांगून यांना काही उपयोग आहे का?" काकू तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग आत गेली. त्या दिवसापासून तिनं रस्त्यावर थेंब सांडलेला मी पाहिला नाही. ओंजळभर पाणी असलं तरी ती घराला वळसा घालून मागे जायची.

चिखल होता तसाच राहिला. अण्णा म्हणाले, "रात्री सोडत असणार." मलाही ते पटलं.

आमच्या घरात पाणी वाया जात नाही, याचा अण्णांना भारी अभिमान होता. कुंपणाला लागून, रस्त्याच्या बाजूला, त्यांनी राजेळी केळी लावल्या होत्या. न्हाणीघराचं पाणी चर खणून त्यांनी केळींच्या बुंध्याशी नेलं होतं. पाहुणा आला की चहाच्या आधी केळी दाखवायचे. "बघा, एक थेंब फुकट जात नाही," असं म्हणून घडावरून हात फिरवायचे. घड खरंच मनगटाएवढ्या केळ्यांचे येत. ही माती एवढं पाणी पिऊन करते तरी काय, असा प्रश्न घरात एकालाही पडला नाही. अण्णा मॅट्रिकला गणितात पहिले आलेले, मी कॉलेजात जाणारी, आणि फाटक ते केळी हे अंतर हातभर.

त्या वर्षी मार्गशीर्षात ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आईनं तिचे लाड सुरू केले. रोज अंगाला तेल, बंबभर कढत पाणी, दोन दिवसांआड शिकेकाईनं न्हाणं. शिकेकाई आई घरी कुटायची, त्यात संत्र्याच्या वाळलेल्या साली, नागरमोथा, रिठा. न्हाणीघरातून वास थेट ओटीवर यायचा. केळी तरारून आल्या. आणि फाटकापुढे गाड्या जवळजवळ रोज बसायला लागल्या. एका ट्रकनं तर अर्ध्या विटा आमच्या दारात उतरवल्या तेव्हा तो निघाला.

एरवी अण्णांना हा तमाशा आवडायचा, पण आता ते धास्तावले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की मूल आडवं आहे, कळा सुरू झाल्या की घरात थांबू नका, ताबडतोब घाटकोपरच्या सूतिकागृहात आणा, उशीर झाला तर दोघांचंही खरं नाही. तेव्हा टॅक्सी फाटकाशी यायला हवी होती आणि निघायलाही हवी होती. एका संध्याकाळी काका पाळीवर निघालेले दिसले तसे अण्णा फाटकातूनच म्हणाले, "माझ्या मुलीची वेळ जवळ आलीय. त्या दिवशी इथं गाडी अडकली तर तुम्हाला सोडणार नाही. घरात सांगून ठेवा." काकांनी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सांगतंय," एवढंच म्हणाले आणि गेले.

रविवार होता. सकाळी ताई न्हाली. दुपारी जेवणं झाली आणि तिच्या कळा सुरू झाल्या. मी स्टेशनकडे धावले आणि टॅक्सी घेऊन आले. ड्रायव्हर वयस्क होता, मराठी होता. रिकामी गाडी पलीकडच्या कडेनं नीट आली आणि फाटकाशी लागली. आईनं ताईला धरून मागे बसवलं, मी बोचकं आत टाकलं, दार लावलं. गाडी हलली, हातभर पुढे गेली आणि मागचं डावं चाक खाली बसलं.

"अहो, काय करताय काय!" अण्णा ओरडले. "सांगत होतो, तिकडे जाऊ नका! एवढा रस्ता..."

"साहेब, तुमच्या फाटकाशीच गाडी लावायला सांगितलंत तुम्ही," ड्रायव्हर म्हणाला.

"डोळे घरी ठेवून आलात का?" मी म्हटलं. आतून ताईचा आवाज आला. ती अशी कधी ओरडली नव्हती. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत देवाचं नाव घेत होती. ड्रायव्हरनं रेस दिली, चाक जागच्या जागी फिरलं आणि आणखी खाली गेलं. अण्णा समोरच्या घराकडे वळले. त्यांच्या कपाळाच्या शिरा फुगल्या होत्या. "झालं समाधान? माझी पोर मरायला टेकलीय इथं! या, बघा तुमच्या पाण्याचे प्रताप!"

मी मागून गाडी ढकलायला लागले. चाक पुन्हा फिरलं आणि चिखलाचा सपकारा माझ्या तोंडावर, हातांवर बसला. मी तो पुसायला हात वर केला आणि वास आला. शिकेकाईचा. मनगटावर संत्र्याच्या सालीचा एक कुटलेला कण चिकटला होता. सकाळीच तो ताईच्या केसांत होता.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या धोतरावरही चिखल उडाला होता. ते तो हातानं झटकत होते. मग हात नाकाशी गेला आणि तसाच राहिला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे होतो.

तोवर समोरचं दार उघडलं होतं. काका झोपेतून उठून तसेच लेंग्यावर बाहेर आले. त्यांनी चाकाकडे पाहिलं आणि काकूला हाक मारली, "झावळ्या काढ गो!" काकू मोरीपाशी गेली आणि झावळ्यांचा आडोसा दोन्ही हातांनी उपटायला लागली. काथ्याच्या गाठी तटातट तुटल्या. झावळ्या ओढत आणून ती चाकाखाली सारायला लागली, चिखलात गुडघे टेकून. काकांनी चाकामागची माती हातांनी उकरली. मी आणि अण्णा झावळ्या हातोहात पुढे देत होतो.

आडोसा गेला तशी मोरी उघडी पडली. कधी नव्हे ती आतून दिसत होती. फरशा घासूनपुसून ठेवलेल्या, कोपऱ्यात दगडावर साबणाची वडी, आणि सगळ्या फरशांना उतार घराच्या मागच्या बाजूला. पाणी जायला सिमेंटची छोटी नाली केलेली होती, ती मागच्या माडाकडे वळत होती. आमच्याकडची बाजू कोरडी ठणठणीत. गल्लीतल्या कुणालाही दिसलं असतं. अण्णांना दिसलं. त्यांनी तिकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

"आता हळू घेवा," काका ड्रायव्हरला म्हणाले. काका, काकू, अण्णा, मी, सगळ्यांनी मागून जोर लावला. झावळ्या कडाकडा मोडल्या, चाकानं पकड घेतली आणि गाडी सुटली. मी धावत जाऊन पुढच्या सीटवर बसले. वळून पाहिलं तेव्हा अण्णा चिखलात उभे होते, आणि काकू पदरानं तोंड पुसत होती.

आम्ही वेळेवर पोचलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. मुलगी झाली. ताई वाचली, पोर वाचली. मी सूतिकागृहाच्या नळावर हात धूत राहिले. वास जाईना. आनंद झाला होता, पण त्या आनंदाआड लाज ठाण मांडून बसली होती.

दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा अण्णांनी चर बुजवला होता. कचेरीतून रजा घेऊन ते स्वतः कुदळ मारत होते आणि न्हाणीघराचं पाणी मागच्या परसात वळवत होते. हाताला फोड आले होते. एक पिकता घड उतरवून म्हणाले, "समोर देऊन ये." मी म्हटलं, "तुम्ही या ना." ते म्हणाले, "तू जा." काकू नवी झावळी विणत ओटीवर बसली होती. घड पाहून म्हणाली, "कित्याक गो एवढी? आमी दोनच माणसां." मला माफी मागायची होती. मनात वाक्य तयार होतं. पण मी "अण्णांनी दिलीत" एवढंच म्हटलं आणि परत आले. कॉलेजातल्या वादविवादात ढाली जिंकणारी मी.

ताई बाळाला घेऊन घरी आली तोवर फाटकापुढची माती सुकून टणक झाली होती. तरी टॅक्सीवाला गल्लीच्या तोंडाशीच थांबला. "आत नको साहेब, तिथं गाडी बसते, सगळ्यांना ठाऊक आहे." अण्णा म्हणाले, "आता नाही बसत." "का, काय केलंत?" त्यानं सहज विचारलं. अण्णांनी भाडं दिलं आणि बोचकं उचललं. आम्ही चालत आलो.

फाटकाशी पोचलो आणि आईच्या लक्षात आलं की घरात कुणीच नाही. बाळ पहिल्यांदा घरात येताना भाकरतुकडा ओवाळायला हवा, दृष्ट काढायला हवी. ती गोंधळली. समोरून काकू आली. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. "थांबा, थांबा. चेडवाक घेवन तशीच भायर रव," ती ताईला म्हणाली. तिनं बाळावरून तुकडा ओवाळला, मोडून दोन बाजूंना टाकला. बाळाच्या डोळ्यांना पाण्याचं बोट लावलं. मग तांब्या तीनदा ओवाळला.

ओवाळलेलं पाणी तिथंच बाहेर टाकायचं असतं. तिनं तांब्या तिरका केलाही. मग तिची नजर अण्णांकडे गेली आणि हात थांबला. तांब्या दोन्ही हातांनी धरून, हिंदकळणार नाही अशा बेतानं, ती रस्ता ओलांडून गेली. आपल्या घराला वळसा घालून मागे गेली. माडाच्या बुंध्याशी पाणी ओतल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला.

कुणीच आत जाईना. काकू रिकामा तांब्या घेऊन परत आली तेव्हा अण्णा अजून बोचकं धरून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिच्याशी सरळ बोलले.

"वहिनी," ते म्हणाले, "इथंच टाकायचं होतंत."

"ऱ्हवांदे, भावजी," काकू म्हणाली. "माका आता सवय झाली."

ती हसून म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर अण्णांकडे उत्तर होतं, माझ्याकडेही होतं.