शेवटी उरलेला खर्ज

पाचशे वर्षांपूर्वीचं समूहगान ऐकायला बसता ना तुम्ही, दिवे मंद करून, डोळे मिटून? मग एक सांगा, त्यातला एक तरी गळा कुणाचा आहे, हे विचारलंय कधी? सीडीच्या पाकिटावरचं नाव वाचून दाखवू नका. ते नाव ज्याचं असतं तो गात नसतो. तो हात हलवतो.

ज्याचा गळा होता त्याचं ऐका. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा, अजूनही करतो. लिफ्टच्या तळाशी, जमिनीच्याही खाली, एक खड्डा असतो. तिथे वंगण, कोळिष्टकं आणि वरच्या लोकांच्या हातून निसटलेल्या किल्ल्या. त्या खड्ड्यात उभा राहून पाना फिरवता फिरवता तो खर्ज लावायचा. शब्द नाहीत, सूर तेवढा. तो सूर मजल्यामजल्याच्या दारांतून घुमत वर जायचा आणि याची छाती फुगायची. नम्र वगैरे अजिबात नव्हता. "आपला खर्ज लागला की लिफ्टची तार थरथरते," असं चारचौघांत सांगायचा.

एकदा दोन मजल्यांच्या मध्ये एक गृहस्थ अडकले. दुसरा कुणी असता तर बोंब ठोकली असती. या गृहस्थांना दार उघडून दिलं तरी बाहेर येईनात. "खाली कोण गात होतं?" एवढंच विचारत राहिले.

हे मास्तर. बिनवाद्यांचं, जुनं, लॅटिन समूहगान बसवणारे. त्यांच्या गायकवृंदात सगळे शिकलेले, इस्त्रीचे लोक. खर्जाची बाजू मात्र लंगडी. पुढच्या रविवारी लिफ्टवाला तालमीला हजर.

मास्तरांचा नियम एकच होता. कुणाचाही आवाज वेगळा ऐकू यायचा नाही. "पाण्यात मीठ विरघळावं तसं विरघळा!" ते ओरडायचे. श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. त्यासाठी युक्ती होती. शेजारच्याने करंगळीला करंगळी लावली की तो श्वास घेणार, तोवर आपण सूर धरून ठेवायचा. मग आपली पाळी. लिफ्टवाल्याच्या शेजारी एक दातांचे डॉक्टर उभे असायचे. वंगणाची करंगळी आणि दवाखान्याची करंगळी, दोघांनी मिळून कितीतरी लांब सूर न तुटू देता पार नेले.

सीड्या निघाल्या. पाकिटावर मास्तरांचं नाव बोटभर उंच. खाली दगडी कमानीचा फोटो. मागच्या बाजूला, जिथे रेकॉर्डिंग झालं त्या प्रार्थनाघराच्या छताचं लाकूड कुठलं, माइक कुठल्या जातीचे, हे सगळं साग्रसंगीत. आणि तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: आणि गायकवृंद. छताच्या लाकडाला नाव आहे, गळ्याला नाही!

घरी बायको पडदे शिवायची. मशीन थांबवून तिने पहिली सीडी स्पीकरला कान लावून ऐकली.

"अहो, यातले तुम्ही कुठले?"

"सगळीकडे आहे की मी."

"सगळीकडे म्हणजे कुठे?"

तिचा भाऊ तिथेच पाय पसरून बसला होता. तो कशाला सोडतोय? "अगं ताई, भावोजी देवासारखे आहेत. दिसायचं नाही, ऐकू यायचं नाही, आपण नुसतं मानायचं! खरं सांगा भावोजी, रविवारी जाता कुठे?"

मेहुण्याचं हसणं त्याने गिळलं असतं. पण बायकोही हसली. त्यानंतरच्या सीड्या तिने ऐकल्या, पण "तुम्ही कुठले" हे विचारणं सोडून दिलं. हे त्याच्या जिव्हारी लागलं. एकदा, फक्त एकदा, तिला आपला आवाज ओळखू यावा, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. आणि लिफ्टवाल्याच्या डोक्यात बसलेली गोष्ट कुठल्याही मजल्याला थांबत नाही.

पुढचं रेकॉर्डिंग त्याच प्रार्थनाघरात. मास्तर त्या दिवशी पेटलेले. घड्याळं बाहेर, कुरकुरणारे बूट बाहेर, डॉक्टर शिंकले म्हणून डॉक्टरही थोडा वेळ बाहेर. शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या सुरावर मास्तरांनी मूठ मिटली. मूठ मिटली की सगळ्यांनी एकदम थांबायचं.

सगळे थांबले. लिफ्टवाला थांबला नाही.

करंगळी लावून त्याने आधीच छातीभर श्वास भरून घेतला होता. वरचे आवाज विझले आणि खालचा खर्ज तेवढा उरला, भिंतीभिंतीतून घुमत. मग त्याने तो अलगद खाली ठेवला, लिफ्ट तळाला टेकावी तसा.

"कोण तो?" मास्तर लाल झाले. "कापा ते! कापून टाका!"

रेकॉर्डिंगवाल्या बाईंनी कानावरचे हेडफोन काढले. "तो सूर कापला तर घुमाराही कापला जाईल, मास्तर. याआधी हेच गाणं जितक्या वेळा रेकॉर्ड केलं, त्यातलं कुठलंही घेता येणार नाही. त्या सगळ्यांत कुणीतरी कण्हतंय."

"कोण कण्हतंय?"

"तुम्ही."

ऐकवलं. खरंच, हात हलवता हलवता मास्तर तल्लीन होऊन 'हूं हूं' करत होते. दुसऱ्यांच्या शिंका मोजणारा माणूस! फक्त या शेवटच्या वेळी थकून गप्प होते. म्हणून तेच ठेवावं लागलं.

सीडी निघाली. एका जाणकाराने लिहिलं की शेवटी एकटा खर्ज उरतो, यात विस्मरणात गेलेली प्राचीन प्रथा जिवंत झाली आहे. झालं! आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला मास्तर पुढे. दुसऱ्या आवृत्तीच्या पाकिटावर छापून आलं, 'मास्तरांच्या प्रदीर्घ संशोधनातून.' प्रथा कसली डोंबलाची! मेहुण्याच्या टोमण्याचं उत्तर होतं ते.

लिफ्टवाल्याच्या हाती ती दुसरी आवृत्तीच लागली; पाकीट न वाचताच त्याने ती घरी आणली आणि मेहुण्याला मुद्दाम बोलावून लावली. शेवटचा सूर आला. सगळे विझले, एक उरला. बायकोच्या हातातली सुई थांबली.

"अहो," ती म्हणाली, "हे तुम्ही!"

तेवढ्यात मेहुण्याने पाकीट उलटं केलं. "ताई, इथे तर लिहिलंय, प्राचीन प्रथा. मास्तरांचं संशोधन. भावोजींचं नाव कुठाय?"

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाला तालमीला गेला तो हे विचारायलाच. तिथे कळलं, कार्यक्रमात तो शेवटचा सूर आता दातांचे डॉक्टर लावणार. "तुझा जरा राकट येतो रे," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तो सूर माझा आहे."

"या संगीतात माझं-तुझं नसतं. इथे 'मी' विसरायचा असतो."

"मग पाकिटावर बोटभर उंच कोण बसलंय?"

डॉक्टरांनी बुटांकडे पाहिलं. कुणी हुं की चूं केलं नाही; विरघळायची सवय लागली होती ना! मास्तरांनी दाराकडे बोट दाखवलं. लिफ्टवाल्याने गाण्यांची फाईल खुर्चीवर आपटली आणि निघाला.

घरी येऊन बसला. बायकोने पडद्यांवर खुणा करायचं पेन उचललं, पाकीट मांडीवर घेतलं आणि मास्तरांच्या नावाच्या डोक्यावर, त्याहून मोठ्या अक्षरांत, नवऱ्याचं नाव लिहिलं. मग कॉलर धरून भावाला ते मोठ्याने वाचायला लावलं. दोनदा.

तो आता पुन्हा खड्ड्यात गातो. तिथे मूठ मिटणारं कुणी नाही.

तुमच्या कपाटात असली एखादी सीडी असेलच. आज ती लावा. शेवटचा सूर संपला असं वाटलं तरी उठू नका, जरा थांबा. मग पाकीट काढा, गाणाऱ्यांची नावं शोधा. सापडली नाहीत तर सीडी काढणाऱ्यांना खडसावून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत त्या बोटभर नावाच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने लिहा: गाणारे दुसरे आहेत.

लिहा. पेन घ्या आधी.