बाकुली बोलली नाही

बेरानू गावच्या बायका बाकुलीला अजून "वरची" म्हणतात. वरची म्हणजे पठारावरची, थंडीतली, भात खाणारी. बेटाच्या या दक्षिण टोकाच्या काटेरी मुलुखात येऊन तिला तेवीस वर्षं झाली. निम्म्या गावाला तिनं अक्षरं शिकवली, चौदा बाळंतपणं केली, तरी दोन कोसांवरच्या झऱ्यावर ती दिसली की तेमा हमखास विचारणार, "काय गं वरचे, आज तरी भात शिजला का?"

"शिजला की. तुझ्या नवऱ्याला पाठवते वाटीभर. रताळी खाऊन कंटाळलाय म्हणत होता."

मग हशा. तेमा पाठीत एक धपाटा घालणार, बाकुली बादली डोक्यावर घेऊन चालू लागणार. उत्तर तिची जीभ देते, बादली तिची मान उचलते. ती स्वतः तिथं असतेच असं नाही. गेली सात वर्षं असंच चाललं आहे. भाजीत मीठ घातलं की नाही हे तिला चाखूनही कळत नाही. लेक फारा घास घेऊन सांगते तेव्हा कळतं.

एके काळी गोरे मिशनरी समुद्र ओलांडून पठारावर आले आणि बाकुलीच्या पणज्याला येशूचं नाव सांगून गेले. पुढं पठारावरच्या आंबुसित्रा गावच्या ख्रिस्ती मंडळीला वाटलं, आता आपल्याच बेटावरच्या आपल्याच माणसांकडं आपण जायला हवं. उपदेशक म्हणून बाकुलीच्या नवऱ्याचं, रात्सिम्बाचं नाव निघालं. नव्या लग्नाचा नवरा, नवी बायको, एक पत्र्याची पेटी आणि सासूनं डोळे पुसत दिलेलं तांदळाचं पोतं. ते पोतं सहा महिने पुरलं. त्यानंतर रताळी, मका आणि निवडुंगाची बोंडं.

पहिली दोन वर्षं मंडळी अशी जमलीच नाही. लोक यायचे ते ही दोघं चमच्यानं कशी जेवतात ते बघायला. दारात पाचसहाजण बसायचे, रात्सिम्बानं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली की एखादा म्हणायचा, "झोपला बघ." मग एकदा म्हाताऱ्या माहात्सांगाची गुरं चोरीला गेली. तो या भागातला कुळाचा वडीलधारा, शंभर वशिंडवाल्या गुरांचा मालक. माग काढायला गावातले पुरुष निघाले, त्यांच्याबरोबर रात्सिम्बाही निघाला. तीन दिवस काट्याकुट्यातून चालला. गुरं सापडली. परतताना माहात्सांगानं विचारलं, "तीन दिवस झाले, तुझ्या देवाबद्दल एक अक्षर काढलं नाहीस ते?"

"दमच नव्हता, काका."

म्हातारा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. त्या रविवारी तो उपासनेला आला, आणि तो आला म्हणून बाकीचे आले.

फारा इथंच जन्मली. संध्याकाळच्या प्रार्थनेला आधी तिघंच असायची, मग आठ, मग अंगण पुरेना. रात्सिम्बाचा गळा बेसूर. गीताची पहिली ओळ बाकुली उचलायची, तो दुसऱ्या ओळीत घुसून सगळ्यांना भलतीकडं घेऊन जायचा, आणि बेरानूची मंडळी मोठ्या निष्ठेनं त्याच्यामागं जायची. आजही इथं काही गीतं त्याच चुकीच्या चालीवर गातात. शहराहून कधी पाळकसाहेब आले की ते बिचारे गप्प बसून ऐकतात.

सात वर्षांपूर्वी रात्सिम्बा तापानं गेला. चार दिवसांत.

पठारावरचा माणूस परमुलखात मेला तर त्याला तिथं कायमचा पुरत नाहीत, नुसता ठेवतात. मातीत उतरवताना घरचं कोणीतरी उभं राहून चारचौघांत सांगतं, हा तुमच्याकडं पाहुणा आहे, आम्ही याला न्यायला येऊ. मग काही वर्षांनी, थंडीच्या कोरड्या महिन्यांत, हाडं चटईत बांधून घरी नेतात, नव्या रेशमात गुंडाळतात, खांद्यावर घेऊन गात नाचत कुळाच्या थडग्यात ठेवतात. पणजोबांपासून सगळे तिथं एकाशेजारी एक असतात. ख्रिस्ती घरांतही हे चालतं. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. त्या थडग्यात जागा नसणं यापेक्षा वाईट काही तिकडच्या माणसाला सुचत नाही.

दक्षिणेत याच्या अगदी उलट. एकदा दगड रचले की त्यांना बोट लावायचं नाही. कबर उघडणं म्हणजे मेलेल्याला पुन्हा मारणं. आणि तो ज्या घरात राहिला ते घर जाळून टाकायचं.

हे सगळं बाकुलीला माहीत होतं. ते एक वाक्य तिला पाठ होतं; लहानपणापासून तिनं ते कितीदा ऐकलं होतं. खड्ड्यापाशी सगळे थांबले. माहात्सांगानं तिच्याकडं पाहिलं.

"पोरी, काही बोलायचंय?"

ती त्याच्या पायांकडं बघत होती. अंगठ्याचं नख फुटलं होतं. याला लावायला काहीतरी दिलं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात आलं. ती बोलली नाही.

मग गावानं तीन दिवस दगड वाहिले. परक्या माणसासाठी कोणी करत नाही एवढं केलं. आठ बैल कापले, शिंगं दगडांवर मांडली, मधोमध लाकडी क्रूस उभा केला. चौथ्या दिवशी माहात्सांगा घरापाशी आला. "आतलं काय काढायचंय ते काढ," म्हणाला. बाकुलीनं चुलीवरचं भांडं उचलून आणलं, कारण त्यात रताळी शिजत होती. तेरा वर्षांच्या फारानं गीतांचं पुस्तक ओढून काढलं. लग्नाचा फोटो, घराण्याची नावं लिहिलेलं पवित्र शास्त्र, पेटी, सगळं आत राहिलं. घर जळताना बाकुलीला फक्त एवढंच वाटलं की आढं पडायला फार वेळ लागतोय.

आंबुसित्राच्या मंडळीनं परत बोलावलं. "फाराची शाळा संपू दे," असं तिनं कळवलं. शाळा संपली. फारा त्याच शाळेत शिकवू लागली. बाकुली बायकांना वाचायला शिकवत राहिली, रविवारी गीत उचलत राहिली.

यंदा ऑगस्टच्या, म्हणजे इकडच्या थंडीतल्या, एका शनिवारी दुपारी गाडी आली आणि तिच्यातून बाकुलीचे मोठे दीर उतरले. रालाम्बू. स्वतः तिकडच्या मंडळीतले एक वडीलधारे, आता डोक्यावर केस उरले नव्हते. तीन दिवसांच्या धुळीनं भुवया तांबड्या झालेल्या. काखेत नवी चटई, आणि कापडात जपून बांधलेलं एक गाठोडं.

"बसा, भावोजी. पाणी देते."

"बसतो. बसून बसूनच आलोय, पण बसतो." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "हीच का ती माझी पुतणी? अगं, तू तर यांच्यासारखीच बोलतेस की!"

"मग काय तुमच्यासारखं नाकात बोलू, काका?" फारा म्हणाली, आणि ते मनापासून हसले.

जेवण झाल्यावर त्यांनी गाठोडं सोडलं. आत जाड, मातकट रंगाचं रेशीम होतं. "आईनं सूत काढलंय. डोळ्यांनी दिसत नाही तिला, चाचपून काढलंय. या महिनाअखेर थडगं उघडतोय. मी रात्सिम्बाला न्यायला आलोय."

बाकुलीनं रेशमावर हात ठेवला. ते खरखरीत असणार हे तिला आठवत होतं. हाताला काही कळलं नाही.

"इथं उघडत नाहीत, भावोजी."

"माहीत आहे. पण तू सांगितलं असशील ना तेव्हा? की पाहुणा आहे म्हणून?"

तिनं रेशमाची घडी पुन्हा सारखी केली.

"बाकुली?"

"नाही सांगितलं."

रालाम्बूंनी गाठोड्याच्या कापडाचं टोक नुसतं चाळवलं. "एक वाक्य होतं गं," ते शेवटी म्हणाले. आवाज चढला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. "एकच वाक्य."

दुसऱ्या दिवशी उपासना झाल्यावर सगळे चिंचेखाली बसले. रालाम्बूंनी नीट, अदबीनं मागणी मांडली. सात वर्षं सांभाळलंत, आमच्या घरावर तुमचे उपकार आहेत, आता आमचा माणूस आम्हाला द्या. आई ऐंशीच्या पुढं आहे, मुलगा शेजारी आल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत म्हणते.

मग तेमाच बोलली. ती कधी गप्प राहिली आहे?

"मी अडाणी बाई, पण एक विचारते. आम्हाला तुम्हीच शिकवलंत ना, की मेलेला माणूस देवाकडं जातो? मग हाडं कशाला न्यायची एवढ्या लांब? देवाला तिकडचा रस्ता जवळ पडतो का?"

काहीजण हसले. रालाम्बूही कसनुसं हसले. "ताई, तू अडाणी नाहीस. मग मीही विचारतो. तो देवाकडं गेलाय, तर मग हे दगड हलवले म्हणून तुमचं काय बिघडणार आहे?"

आता कोणी हसलं नाही. मागून एक तरुण उठला. त्याला रात्सिम्बानं बाप्तिस्मा दिला होता. "दगड उघडले तर माझा बाप पुन्हा या झाडाखाली बसणार नाही," तो म्हणाला. "निम्मे लोक बसणार नाहीत. म्हणतील, यांच्या देवाची माणसं मेलेल्यालाही पडू देत नाहीत."

माहात्सांगानं काठी आडवी केली, तसा तो खाली बसला. म्हाताऱ्याचे डोळे आता पाण्यासारखे झाले होते, पण त्यानं नेमकं बाकुलीकडं पाहिलं. "हे आमचंही नाही आणि या पाहुण्याचंही नाही. तिनं सांगावं. तेव्हा ती बोलली नाही, तो इथंच राहणार असं मी धरलं. माझं चुकलं असेल. ती म्हणाली उघडा, तर पहिला दगड मी काढीन. मग माझं जे व्हायचं ते होवो."

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर आल्या. बाकुली उठली. पदर सारखा केला. तिला वाटलं होतं, आत काहीतरी हलेल, छातीत कळ येईल, निदान घसा दाटेल. काहीच झालं नाही. परातीत पीठ मळताना असावा तसा आवाज निघाला.

"त्या दिवशी मी सुन्न होते, म्हणून बोलले नाही, असं मी सगळ्यांना सांगते. स्वतःलाही. पण सुन्न माणूस एक दिवस गप्प बसतं, दोन दिवस बसतं. नंतर बोलता आलं असतं मला. पत्र लिहिता आलं असतं. सात वर्षांत मी ते वाक्य एकदाही म्हटलं नाही." ती थांबली. "तो पाहुणा नव्हता, भावोजी. दगड राहू द्या."

रालाम्बूंनी मान खाली घातली. मग कुळाच्या मोठ्या मुलाला जे बोलावं लागतं ते ते बोलले; बोलताना त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "मग तुलाही तिकडं जागा राहणार नाही. तुला तो आणणार होता. तो नाही, तर तू कोणाबरोबर येणार? ते दार तुला बंद झालं, बाकुली. समजतंय ना?"

"समजतंय."

"समजूनही?"

"होय."

आणि त्या वेळीही आत काही हललं नाही. ती घरी गेली आणि वाटेसाठी रताळी उकडायला ठेवली.

गाडी दुपारनंतर निघाली. चटई रालाम्बूंनी तिथंच मागं ठेवली, रेशीम काखेत घेतलं. "आईला काय सांगू?"

"सांगा, बाकुलीनं दिला नाही. माझं नाव घ्या, त्याचं नको. आणि हे रेशीम तिलाच गुंडाळा, वेळ आली की. दोन पदरी."

त्यांनी फाराच्या डोक्यावर हात ठेवला. बाकुलीच्या डोक्यावर ठेवावा की नाही हे ठरेना. हात अर्ध्यावर थांबला, मग ठेवला. धूळ उडाली, ती बसेपर्यंत फारा रस्त्याकडं बघत राहिली.

"आई, मीठ घातलं नव्हतंस रताळ्यांना," ती म्हणाली.

"पुढं कुठंतरी मिळेल त्यांना मीठ."

सोमवारी सकाळी माहात्सांगा आला. बरोबर दोन पुतणे, दोर आणि चार खुंट्या. "चल," एवढंच म्हणाला. दगडांपाशी पोचल्यावर तो दम खात उभा राहिला.

"आमच्यात बाईला तिच्या बापाच्या कुळाजवळ पुरतात. तुझा बाप लांब. तिकडचं दार काल बंद झालं. म्हणून माझ्या कुळात धरतो तुला, तुझी जागा इथंच आखतो. पुतण्यांना सांगितलंय, मी आधी गेलो तरी विसरायचं नाही." पुतण्यांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्यानं खुंटी हातात घेतली. "आता सांग. तू त्याच्या कुठल्या बाजूला झोपायचीस?"

बाकुलीला आठवेना. सात वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ती दगडांकडं बघत उभी राहिली, मग क्रूसाकडं पाठ केली, कूस बदलताना वळावं तशी जराशी वळली, आणि तिचा उजवा हात आपोआप पुढं गेला, कोणाच्या तरी पाठीवर ठेवायला जावा तसा. तिथं हवाच होती. हात तसाच राहिला.

"भिंतीच्या बाजूला," ती म्हणाली. "तो दाराकडं झोपायचा. कोणी हाक मारली तर उठता यावं म्हणून."

"दार कुठं धरायचं?"

"गावाकडं."

"म्हणजे तू इकडं," माहात्सांगा म्हणाला, आणि दगडांपासून दोन हातांवर पहिली खुंटी ठोकू लागला. बाकुलीनं बघितलं. तिचा आवाज फुटेना; दोनदा खाकरावं लागलं.

"जरा जवळ घ्या, काका."

म्हाताऱ्यानं खुंटी उपटली आणि हातभर आत सरकवली.