दादाच्या ट्रॉलीतलं लोखंड

अण्णा जीएसटीच्या पोर्टलला ‘जावई’ म्हणत. माझ्या ऑफिसचा जिना चढून आले की दारातूनच विचारायचे, “ताई, आज जावई खूश हाय का रुसून बसला?” त्यांचं म्हणणं असं, की जावयाला सगळं वेळेवर लागतं, काय हवं ते तो सरळ सांगत नाही आणि मानपानात जरा कमीजास्त झालं की चार सोयऱ्यांत बोभाटा करतो. पोर्टल बंद पडलं की बाकीचे व्यापारी माझ्यावर ओरडायचे, जणू ते मीच बंद पाडलंय. अण्णा टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, “बसू द्या त्याला रुसून. चहा सांगा.”

मी जालन्यात कर सल्लागार आहे. दिवसभर दुसऱ्यांना आलेल्या नोटिसा वाचायच्या आणि त्यांची उत्तरं लिहायची, हा माझा धंदा. नोटीस आली की अशिलाचा आवाज चढतो, ऑर्डर आली की पडतो, आणि काम झालं की त्याचा फोनच लागत नाही. या धंद्यात माणूस लवकर आंबतो. संध्याकाळी घरी गेल्यावर मला वाण्याची यादीसुद्धा वाचवत नाही. अशा माझ्या दिवसांत अण्णा आले की मला बरं वाटायचं, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. पण त्यांना ते कळत असावं, कारण काम नसलं तरी मोंढ्यात, बाजाराला आले की ते डोकावून जात.

भोकरदनला रस्त्यालगत त्यांचं पत्र्याचं शेड होतं. ट्रॅक्टरमागे जोडायची पेरणी यंत्रं ते बनवत. घराणं शेतीवालं, वाटणीत जमीन थोडी आली म्हणून तरुणपणी वेल्डिंग शिकले आणि त्यातच रमले. लोक त्यांना ‘पेरणीवाले अण्णा’ म्हणत. यंत्र विकल्यावर पहिल्या पेरणीला स्वतः शेतात जायचे आणि दाणा बरोबर पडतो की नाही ते मातीत बोट घालून बघायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, “अण्णा, राहू द्या, नीट चाललंय.” अण्णा म्हणायचे, “तुह्यासाठी न्हाई बघत. माह्यासाठी बघून राह्यलो.”

त्यांच्याकडून ओटीपी घेणं हा एक सोहळा असायचा. मी इकडे पोर्टल उघडून बसलेली, तिकडे शेडमध्ये ग्राइंडर चालू. “थांबा ताई, चष्मा कुठंय... अरे बंद कर रे ते!” मग ते आकडे वाचायचे, तेही जोडीजोडीने, “बावन्न, छत्तीस...” आणि तिसऱ्या जोडीला आले की मुदत संपलेली. मी चिडायचे. ते शांतपणे म्हणायचे, “दुसरा पाठवील त्यो. त्याला कुठं खर्चा हाय?”

आमची गाठ पडली ती रिफंडमुळे. लोखंडावर कर जास्त, पेरणी यंत्रावर कमी. त्यामुळे अण्णांनी खरेदीत भरलेला कर विक्रीत पुरता वळता होत नसे आणि सरकारकडे साचत जाई. तो अर्ज करून परत मागायचा असतो. अण्णांचं सगळं चक्र त्या परताव्यावर फिरायचं. परतावा आला की लोखंड यायचं, लोखंड आलं की उन्हाळ्यात यंत्रं तयार व्हायची आणि पेरणीच्या तोंडावर विकली जायची. उशीर झाला तर सगळा हंगाम हातचा जायचा, कारण पेरणी झाल्यावर पेरणी यंत्र घेणार कोण?

आणि एके दिवशी जावई खरोखरच रुसला. जालन्याच्या ज्या व्यापाऱ्याकडून अण्णा लोखंड घेत, त्याचा जीएसटी नंबर मागच्या तारखेपासून रद्द झाला होता. तो माणूस दुकान आवरून कुठे गेला कुणालाच ठाऊक नव्हतं. आता त्याच्याकडून बिल घेतलेल्या प्रत्येकाला नोटीस. माल खरंच आला, की नुसती बिलं फिरली? आला असेल तर वाहतुकीचा पुरावा द्या.

मी अण्णांना बोलावलं आणि म्हटलं, “बिल आहे, बँकेतून पैसे दिल्याचं दिसतंय. आता फक्त बिल्टी द्या. माल ज्या गाडीतून आला, तिची पावती.”

अण्णा म्हणाले, “गाडी कुठली ताई? ट्रॉलीत आल्तं.”

“कुणाच्या?”

“आपल्याच मान्सांच्या.”

मग सगळा उलगडा झाला. त्यांच्या भावकीतलं, सोयऱ्यांतलं कुणी ना कुणी मका, सोयाबीन घेऊन जालन्याच्या मोंढ्यात यायचं. माल विकला की ट्रॉली रिकामी परत जायची. अण्णा त्या ट्रॉलीत थोडं थोडं लोखंड भरून पाठवायचे. थोडं असल्यामुळे माल नेताना लागणाऱ्या सरकारी ई-वे बिलाचीही गरज पडत नसे. भाडं कुणी घेत नव्हतं आणि अण्णांनी देऊ केलं असतं तर राग आला असता. बदल्यात त्यांच्यातल्या कुणाचा नांगर तुटला, कुणाच्या गेटची कडी निखळली, की अण्णा जोडून द्यायचे. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, एक साधी चिठ्ठी तरी लिहून घ्यायची होती.

“आपल्या मान्साला पावती मागायची?” अण्णा म्हणाले. “मंग त्यो उद्या दारात येईल का?”

जीएसटीच्या साहेबांना हे उत्तर पुरलं नाही. त्यांचाही इलाज नव्हता, खोटी बिलं फिरवणारे असलंच काहीतरी सांगतात. ऑर्डर झाली. कर परत भरा, त्यावर व्याज, त्यावर दंड. आणि ही मागणी उभी असल्यामुळे पुढचा परतावाही अडकला. ऑर्डरमध्ये एक वाक्य होतं, की ही खरेदी केवळ कागदोपत्री दिसते. अण्णांनी ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. बाकीच्या आकड्यांबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

पुढे व्याज आणि दंड माफ करायची योजना आली. नुसता कर भरा आणि मोकळे व्हा. माझ्या बहुतेक अशिलांनी भरला. मीही थकले होते, खरं सांगायचं तर मलाही ती फाइल कपाटातून जायला हवी होती. मी अण्णांना हरतऱ्हेने समजावलं. परतावा सुटेल, हंगाम हाती लागेल, एक वेल्डर काम नाही म्हणून वाळूजच्या कारखान्यात निघून गेलाय, तो परत येईल. अण्णा ऐकत होते, मान हलवत होते. शेवटी म्हणाले, “तुमचं समदं बराबर हाय ताई. पर भरलं म्हंजी कबूल केलं. लोखंड आल्तं. त्याची यंत्रं लोकाच्या रानात फिरून राह्यलीत. मंग न आल्यासारखं कसं लिवून देऊ?”

अपील केलं. सुनावणी संभाजीनगरला होती. ज्यांच्या ट्रॉल्यांतून लोखंड आलं त्यांची प्रतिज्ञापत्रं करून आणा, असं मी सांगितलं होतं. अण्णांनी प्रतिज्ञापत्रं आणलीच, सोबत माणसंही आणली. सुनावणीच्या सकाळी तिथल्या ऑफिसच्या व्हरांड्यात बघते तो काय, इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेली सगळी भावकी भिंतीला टेकून उभी. शिपाई विचारत होता, “लग्नाचं वऱ्हाड चुकून इकडं आलं का?”

अपिलाचे साहेब वयस्क होते, माझ्याइतकेच थकलेले दिसत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “एवढे सगळे कशाला?”

अण्णा म्हणाले, “सायेब, लोखंडाला पाय न्हाईत. ह्यांनी आणलं.”

साहेबांनी एकेकाला आत घ्यायला सुरुवात केली. अण्णांच्या भाच्याला विचारलं, “इतक्या जुन्या गोष्टी तुम्हाला आठवतात कशा?” भाचा म्हणाला, “सायेब, त्या अँगलांनी माह्या ट्रॉलीचा मागचा फाळका वाकला व्हता. बायको आठ दिवस बोलली न्हाई. मामानंच मंग वेल्डिंग करून देलं. अजून डाग दिसतो, दाखवू का? ट्रॉली घेऊनच आलो.” साहेब हसले. त्या केबिनमध्ये मी कुणाला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. वाटलं, आता जिंकलो.

आणि आम्ही जिंकलोच म्हणायचं. ऑर्डर आली, तिच्यात जवळजवळ सगळी खरेदी खरी धरली होती. एक बिल तेवढं राहिलं. ते लोखंड अण्णांच्या थोरल्या भावाने, दादांनी आणलं होतं. दादा मधल्या काळात वारले होते. प्रतिज्ञापत्र करणार कोण? ‘पुराव्याअभावी अमान्य’ एवढंच त्याबद्दल लिहिलं होतं.

मी आनंदाने फोन केला, पेढे आणा म्हटलं. अण्णा दुसऱ्या दिवशी खरंच पेढे घेऊन आले. मग त्या एका बिलाचं मी सांगितलं. रक्कम अगदी किरकोळ होती, तसंही म्हटलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“म्हंजी समद्यांनी आणलेलं आलं, आन् दादानं आणलेलं तेवढं न्हाई आलं?”

“असं नाही हो अण्णा. पुरावा नाही, एवढंच.”

“येकच झालं ना. त्या दिशी वैशाखातलं ऊन व्हतं. मी म्हन्लं दादा, गडी येऊ दे. त्यो म्हन्ला, गड्याला कशाला थांबतो, आन् सोताच उतरवायला लागला. हाताला फोड आल्ते त्याच्या. आता ह्ये भरायचं म्हंजी त्यो खोटा ठरला.”

वरच्या न्यायाधिकरणाचं कामकाज तेव्हा सुरूच झालं नव्हतं. ते सुरू झाल्यावर अपील करू, असं लिहून देऊन ठेवायची सोय होती. मी म्हटलं, एवढ्याशा रकमेसाठी संभाजीनगर, मुंबई कुठे कुठे फिराल? ते म्हणाले, “लिवून द्या.” मी लिहून दिलं. माझा जीव मेटाकुटीला आला होता, पण नाही म्हणवलं नाही.

अडकलेला परतावा सुटला, पण तोवर दोन हंगाम गेले होते. गिऱ्हाईक तयार, रंगीत, बाहेरून येणाऱ्या यंत्रांकडे वळलं होतं. अण्णा शेडमध्ये एकटेच दुरुस्तीची कामं करत बसायचे. माझ्याकडे येणं कमी झालं. आले तर न्यायाधिकरणाचं विचारायचे. “बसलं का ते?” मी म्हणायचे, “अजून नाही.” ते म्हणायचे, “बसंल.” एका थंडीत छातीत दुखायला लागलं, जालन्याला आणलं, आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं. मला दोन दिवसांनी कळलं. मी त्या दिवशी ऑफिस लवकर बंद केलं आणि घरी जाऊन रडले. अशिलासाठी रडायची माझी ती पहिलीच वेळ.

महिन्याभराने त्यांचा मुलगा संजय आला. संभाजीनगरला कंपनीत नोकरीला आहे, चांगला मुलगा आहे. वडिलांचा जीएसटी नंबर बंद करायचा होता. मी त्याला राहिलेल्या त्या बिलाचं सांगितलं. दादांचंही सांगितलं. तो म्हणाला, “ताई, मला सुट्टी मिळत न्हाई सारखी. आईला तर काहीच कळत न्हाई ह्यातलं, नोटीस म्हन्लं की ती घाबरून जाती. भरून टाकू.” त्याचं चुकत नव्हतं. मी चलन काढलं, त्याने मोबाइलवरून भरलं. आता अपील करणार नसल्याचं पत्र तेवढं द्यायचं राहिलं.

अशा पत्राचा आमच्याकडे ठरलेला मसुदा असतो. नाव बदलायचं, आकडा बदलायचा, खाली सही घ्यायची. ‘सदर मागणी आम्हांस मान्य असल्याने अपील करावयाचे नाही.’ शेकडो वेळा मी ते वाक्य डोळे झाकून टाइप केलं आहे. त्या दिवशीही केलं, आणि मग पुसून टाकलं. त्या जागी लिहिलं, ‘अर्जदार हयात नसल्याने अपील करता येत नाही.’

संजयने वाचलं. “एवढंच चालतं का ताई?”

“चालतं,” मी म्हटलं.

त्याने सही केली. लोखंड आलं नव्हतं, असं आम्ही कुठेही लिहून दिलं नाही.