हवाकाकांचा ओला अंगठा

क्लबमध्ये त्यांना सगळे हवाकाका म्हणत. सामन्याच्या चेंडूंत हवा भरायची, ती मीटर लावून मोजायची, चेंडू पुसायचे आणि खेळ सुरू होण्याआधी मैदानाच्या कडेला मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंवर एकेक चेंडू बसवून यायचं, हे त्यांचं काम. जिन्याखालची बिनखिडकीची खोली हे त्यांचं ऑफिस. त्या खोलीला एक कुलूप, कुलपाची एकच किल्ली, आणि ती हवाकाकांच्या गळ्यात. क्लबचे अध्यक्ष आले नि गेले, कोच तर शर्ट बदलावेत तसे बदलले. हवाकाका मात्र जागचे हलले नाहीत. अर्थात हलले असते तरी कुणाच्या ध्यानात आलं असतं, असं नाही. संघाच्या दरवर्षीच्या फोटोत ते असायचे, पण पुढे धरलेल्या चेंडूंच्या जाळीमुळे त्यांचं फक्त कपाळ दिसे.

कामाची त्यांची एक पद्धत होती. मीटर लावून झालं की ते उजवा अंगठा जिभेला लावत आणि चेंडूच्या हवेच्या भोकावरून फिरवत. बुडबुडा आला तर चेंडू गळतोय. नाही आला तर ठणठणीत. मग चेंडू कानाशी धरून ऐकत, दोन थापट्या मारत आणि परीक्षेला निघालेल्या पोराला सांगावं तसं पुटपुटत, "जा बाबा, नीट जा." हे शेवटचं पद्धतीत बसत नव्हतं, पण सवयीला औषध नाही.

त्या मोसमात एक आक्रीत घडलं. लीगमध्ये तळाकडून दुसऱ्या असलेल्या त्यांच्या संघाने पहिल्या क्रमांकाच्या संघाला एका गोलने हरवलं. पाहुण्यांना शेवटी पेनल्टी मिळाली होती. त्यांचा ताडमाड आघाडीवीर, ज्याला सगळे 'शिडी' म्हणत, तो चेंडू मारायला आला आणि चेंडू गोलच्या वरून, जाहिरातीच्या फलकावरून, थेट पार्किंगमध्ये जाऊन पडला.

सामना संपल्यावर पाहुण्या कोचने पत्रकारांना सांगितलं, "शिडीची पेनल्टी चुकणं शक्यच नाही. चेंडूशी छेडछाड झालीय."

टीव्हीवाल्यांनी रात्रीपर्यंत चित्रीकरण शोधून काढलं. शंकूपाशी वाकलेले हवाकाका, जिभेला लागलेला अंगठा, चेंडूवरून फिरणारा अंगठा, आणि हलणारे ओठ. हे सगळं इतकं सावकाश दाखवलं की स्वतः हवाकाकांनाही आपण काहीतरी भयंकर करतोय असं वाटायला लागलं. एक माजी खेळाडू पडद्यावर बाण काढून समजावत होता, की थुंकी वाळली की चेंडू त्या बाजूला हलका होतो आणि हलकी बाजू वर उठते. चर्चेतल्या दुसऱ्याने विचारलं, "पण चेंडू तर दोन्ही संघांना एकच असतो. मग तो पाहुण्यांच्याच पायाने कसा वर गेला?" त्यावर माजी खेळाडू गूढ हसला आणि म्हणाला, "तीच तर खरी कला आहे."

हवाकाका सोफ्यावर जरा ताठ बसले.

बायको शिवणाच्या मशीनवर परकराला इलॅस्टिक घालत होती. तिने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"अहो, हे तुमच्याबद्दल चाललंय?"

"हं. म्हणतायत, मी चेंडू फिरवला."

"तुम्ही?" मशीन थांबलं. "स्वयंपाकघरातला नळ सहा महिने ठिबकतोय, तो फिरवता येत नाही तुम्हाला. आणि चेंडू फिरवताय होय!"

"तसं नाही गं, माणसाच्या हातात एखादी गोष्ट असते..."

"असती तर तुमचा संघ तळाला असता का इतकी वर्षं? की ही कला तुम्हाला आजच सापडली?"

मशीन पुन्हा खडखडायला लागलं. हवाकाकांना वाटलं, लाखो लोक आज आपल्याला कारस्थानी समजतायत, आणि घरात मात्र आपली किंमत नळाइतकीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ते दाढी करायला सलूनमध्ये गेले. एरवी रांगेत त्यांच्या मागून आलेले लोक आधी खुर्चीत बसायचे. आज सलूनवाल्याने अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला उठवलं.

"या, या काका! बसा. काय मारलंत हो त्या लोकांना!"

"छे, मी काय केलं?"

"आम्हाला सांगता? सगळं पाहिलं टीव्हीवर. मंत्र आहे की औषध?"

बाकावरची माणसं पुढे सरकली. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही फेसासकट कान देऊन उभं राहिलं. इतक्या वर्षांत हवाकाकांचं बोलणं ऐकायला एवढी माणसं कधी थांबली नव्हती. खरं उत्तर तोंडाशी आलं होतं, पण खरं उत्तर होतं 'बुडबुडा बघतो', आणि तेवढ्यावर माणसं पुन्हा पेपर वाचायला लागली असती.

हवाकाकांनी आरशात स्वतःकडे पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "काही गोष्टी बोलायच्या नसतात."

बाकावर कुणीतरी "वा!" म्हणालं.

अर्ध्या दाढीवाला वार्ताहर निघाला. दुसऱ्या सकाळी पेपरात हवाकाकांचा फोटो होता, कपाळासकट पूर्ण, आणि खाली मथळा: 'काही गोष्टी बोलायच्या नसतात.'

क्लबच्या सेक्रेटरीने त्यांना बोलावून घेतलं. टेबलावर पेपर पसरलेला होता.

"काका, लीगने चौकशी लावलीय. आरोप सिद्ध झाला तर त्या सामन्याचे गुण जातील आणि आपण खालच्या गटात जाऊ. तुमची नोकरी तर जाईलच."

"साहेब, मी काही केलेलं नाही."

"ते मला कळतंय हो! एक साधा पंप दुरुस्तीला न्यायला तुम्ही महिना लावता. पण हे वाक्य तुम्ही बोललात की नाही?"

"बोललो. पण..."

"मग किल्ली द्या. चौकशीपर्यंत."

गळ्यातून किल्ली काढताना दोरी कानात अडकली. ती सोडवून हवाकाकांनी किल्ली टेबलावर ठेवली. त्या खोलीबाहेर आपण करणार काय, हा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता.

चौकशीच्या सकाळी ते स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसले होते. तेवढ्यात शिडी येऊन शेजारी बसला. बसूनही तो त्यांच्यापेक्षा हातभर उंच होता.

"काका, एक विनंती होती."

"बोल."

"कबूल करून टाका ना."

"काय?"

"चेंडूचं. हे बघा, तुमचं वय झालंय. माझं करिअर आत्ता कुठे सुरू झालंय. तुम्ही नाही म्हणालात तर मग पेनल्टी कुणी घालवली? मीच ना? आई सोडून कुणी बोलत नाहीये माझ्याशी. आणि तीही म्हणते, बाळा, जरा खाली मारायचा होतास."

हवाकाकांना पोराची दयाच आली. शिवाय, खोटं कशाला बोला, मनात एक मोहही आला. कबूल केलं तर नोकरी जाईल, पण नाव राहील. नाकारलं तर नोकरी राहील आणि पुन्हा जाळीमागचं कपाळ. ते उठले आणि मैदानाकडे निघाले.

चौकशी अधिकारी बाई चष्मा लावून मैदानातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी प्रात्यक्षिक ठेवलं होतं. काही चेंडूंवर हवाकाकांनी नेहमीप्रमाणे अंगठा फिरवायचा, काहींना हातही लावायचा नाही, आणि मिसळलेले चेंडू शिडीने गोलात मारायचे. कुठला कोणता, हे फक्त बाईंना ठाऊक.

पहिला चेंडू वरून गेला. पाहुणा कोच ओरडला, "बघा!"

"याला त्यांचा हात लागलेला नाही," बाई म्हणाल्या.

दुसरा आत गेला. "याला लागलाय."

"म्हणजे उलटा परिणाम!" कोच म्हणाला.

तिसरा वरून. हात न लागलेला.

"चेंडू शेजारी शेजारी ठेवले होते ना? संसर्ग झाला असणार!"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "कोच, चेंडूला सर्दी होत नाही." मग त्या हवाकाकांकडे वळल्या. "तुम्ही पेपरात म्हणालात, काही गोष्टी बोलायच्या नसतात. त्या कोणत्या गोष्टी? आज बोला."

सगळे पाहत होते. सेक्रेटरी, कोच, छायाचित्रकार. शिडीच्या डोळ्यांत तर देवाकडे मागावं तशी आशा होती. हवाकाकांचा हात सवयीने गळ्याशी गेला. तिथं काही नव्हतं.

"बाई, तशा गोष्टीच नाहीत," ते म्हणाले. "मी हवा गळते का बघतो. सलूनमध्ये चार माणसं ऐकायला थांबली, म्हणून तसं बोललो. मला चेंडू वळवता आला असता, तर आमचा संघ इतकी वर्षं तळाकडून दुसरा राहिला असता का?"

"मागच्या वर्षी तिसरा!" सेक्रेटरी मागून म्हणाला.

"आणि ते पुटपुटणं?" बाईंनी विचारलं.

"'जा बाबा, नीट जा' म्हणतो. पण चेंडू कुणाचं ऐकत नाही. त्या दिवशी तर अजिबातच ऐकलं नाही."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात मिसळलं आणि आरोप फेटाळल्याचं तिथंच जाहीर केलं. छायाचित्रकारांनी कॅमेरे आवरले. कोच तणतणत बसकडे गेला. शिडी गोलसमोर एकटाच उभा होता.

हवाकाका त्याच्याजवळ गेले. "पोरा, तुझी चूक अख्ख्या स्टेडियमने पाहिली. पुढचा गोलही अख्खं स्टेडियम पाहील. तुझं काय अडलंय?"

शिडीने मान हलवली. मग उरलेला एक चेंडू त्याने पायाशी घेतला आणि मारला. तो खांबाला लागून परत आला. निदान वरून तरी गेला नाही.

सेक्रेटरीने किल्ली परत दिली. हवाकाकांनी ती गळ्यात घातली आणि संध्याकाळी घरी पोचले. बायको काजं करत बसली होती.

"काय झालं?"

"निर्दोष सुटलो."

"ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," ती दोरा दातांनी तोडत म्हणाली. "हात धुवा, ताट वाढते."

हवाकाका हात धुवायला उठले. साऱ्या जगात आपल्यावर एका क्षणापुरताही संशय न घेणारं हे एकच माणूस. अभिमान वाटायला हवा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण टॉवेलला हात पुसता पुसता मनात आलंच, की बायकोने निदान पहिल्या दिवशी थोडासा संशय घेतला असता, तर तिचं काय बिघडलं असतं?